माशांसाठी ठेवलेला पाऊस

विजू,

आधी माशांचं सांगते, नाहीतर तू बाकी काही ऐकून घेणार नाहीस. मासे आहेत. सगळे नाहीत, पण बहुतेक आहेत. टाकी आता पेणला माझ्या बैठकीच्या खोलीत ठेवली आहे, उन्हापासून लांब. जागा तुला पसंत पडली नसती, पण तुला कुठलीच जागा पहिल्या झटक्यात पसंत पडत नसे.

हे लिहायला मला नातवंडांनी लावलं. अद्वैत आणि मीराला इतक्या लांबून येता आलं नाही. तू गेल्याचं कळल्यावर फोनवर मीराने पहिला प्रश्न विचारला तो हा: "आजी, आत्याआजीच्या फिशना आता पावसाचं पाणी कोण देणार?" त्याचं उत्तर म्हणून हे लिहिते आहे. मी बोलणार आहे तुझ्याशीच, ती दोघं बाजूला बसून ऐकतील. त्यांचं मराठी वाचन हळू चालतं, म्हणून वाक्यं लहान ठेवते. माझी वाक्यं शाळेच्या घंटेसारखी असतात, वेळेवर सुरू आणि वेळेवर बंद, असं तूच म्हणायचीस.

तुझं वय, शिक्षण, कंपनीच्या लॅबमधली नोकरी हे सगळं पेपरात छापून आलं. नावाच्या आधी 'कुमारी' छापलं होतं. तू पोट धरून हसली असतीस.

पेपरात पावसाबद्दल काही नव्हतं.

मुलांनो, तुमची आत्याआजी रोह्याला पाऊस साठवायची. पिण्यासाठी नाही, झाडांसाठी नाही. माशांच्या टाकीतलं पाणी दर आठवड्याला थोडं काढून नवं घालावं लागतं, त्यासाठी. तिच्याकडे निऑन होते. बोटाच्या पेराएवढा मासा, अंगावर निळी रेघ, शेपटीकडे लाल. ह्या माशाला मऊ पाणी लागतं. म्हणजे ज्यात क्षार जवळजवळ नाहीत असं. रोह्याच्या घरी नळाच्या पाण्यात औषध असायचं आणि बोअरच्या पाण्यात क्षार. राहिला पाऊस, आणि कोकणात त्याला तोटा नाही.

पण तुला कुठलाही पाऊस चालत नसे, विजू. तुझ्या घराला स्लॅब होती. तिच्यावरून उतरलेलं पाणी तू क्षार मोजणाऱ्या त्या पेनासारख्या मीटरने तपासलंस आणि माझ्याकडे असं बघितलंस जसं ती स्लॅब मीच ओतली होती. "स्लॅबवरून येताना सिमेंट चाटून येतंय गो वहिनी. हे नाय चालायचं." आमच्या पेणच्या घरावर पत्रा. तिथलं पाणी तपासलंस आणि तुझा चेहरा उजळला. त्या पावसाळ्यात तू पेणहून रोह्याला पाऊस न्यायला सुरुवात केलीस, एसटीने.

एकदा मीही होते बरोबर. बाहेर धो धो कोसळतोय, आपल्या साड्या गुडघ्यापर्यंत भिजलेल्या आणि दोघींच्या हातात पाण्याचे कॅन. कंडक्टरने अडवलं.

"मावशी, रॉकेल नाय ना?"

"पाऊस हाय," तू म्हणालीस.

"आँ?"

"पाऊस रे. पेणचा."

"मग रोह्यात काय दुष्काळ पडलाय?"

"रोह्याचा कडक हाय. हा मऊ."

त्याने गंभीरपणे कॅनकडे बघितलं. "पावसाला हाफ लावू की फुल?" सगळी गाडी हसली. तूही हसलीस, सगळ्यात मोठ्याने. मला मात्र वाटत होतं की माझा एखादा माजी विद्यार्थी गाडीत नसावा. वाटेत गडबला, तिच्या गावी, आपली मालू चढली. मुलांनो, मालूकाकी म्हणजे आजोबांच्या चुलतभावाची बायको, माझी धाकटी जाऊ. तिने कॅन बघितले, हशा ऐकला आणि नागोठण्यापर्यंत ती खिडकीकडे तोंड करून बसली, जशी काही ओळखच नाही. उतरताना मला म्हणाली, "ताई, सासरची अब्रू कॅनमधून सांडत चाललीय. तू तरी शिकलेली ना?"

पुढच्या वर्षी तू गच्चीवर पत्र्याची शेड घातलीस, तिला पन्हळ लावलीस, आणि मागच्या पडवीत निळी पिंपं ओळीने आली. तुझा नियम ठरलेला होता. मृगाचा पाऊस पत्र्याला, आर्द्राचा मला. म्हणजे मृगात पत्रा धुऊन निघू द्यायचा, धूळ, पानं, पाखरांची घाण सगळी जाऊ द्यायची आणि आर्द्रा लागल्यावर पन्हळीखाली पिंप सरकवायचं. तोंडाला सुती पातळाचं दुहेरी फडकं. वर घट्ट झाकण, म्हणजे डास नाही आणि उजेड नाही. आषाढ-श्रावणात भरलेलं पाणी पुढच्या ज्येष्ठापर्यंत पुरवायचीस. मी प्रत्येक पिंपावर कधी भरलं ते लिहून ठेवू या म्हटलं, तर म्हणालीस, "पाण्याला नाव कशाला? तुझ्या डब्यांसारखं नाय ते. साखर म्हणून मीठ घालशील असं काय हाय त्यात?"

मला वाटायचं, पावसाचं पाणी टाकीत ओतलं की झालं. त्यावर तू मला तुझ्या लॅबमधल्या पोरींना शिकवावं तसं शिकवलंस. निव्वळ पाऊस ओतायचा नाही. "पावसाचं पाणी भोळं गो. त्याच्यात स्वतःचं काय नाय. कोण काय सांगेल तसं होतं, एका दिवसात आंबट. त्याला सोबतीला थोडं नळाचं द्यायचं. मुरलेलं." नळाचं पाणी बादलीत उघडं ठेवून औषध उडवायचं, मग तीन तांब्ये पाऊस आणि एक तांब्या नळ. त्यात अंगणातल्या देशी बदामाचं वाळकं पान, चहासारखा रंग येईपर्यंत. पाणी बारीक धारेने घालायचं, माशांना कळता कामा नये. आयुष्यभर कंपनीच्या पाण्याची तपासणी केलीस, आणि म्हणायचीस, "आता पहिल्यांदा माझ्या पाण्याची करतेय."

आणि मग तुझ्याकडे निऑनने अंडी घातली.

मला तेव्हा त्यात काय विशेष ते कळलं नव्हतं. संध्याकाळी मी रोह्याला आले तर बाहेरची खोली काळोखी, काचेच्या छोट्या टाकीला काळा कागद आणि वरून माझंच जुनं लुगडं. "दिवा लावायचा नाय," एवढंच बोललीस. अंड्यांना उजेड सोसत नाही म्हणून आपण स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्याने भाकरी खाल्ली. दोन दिवसांनी फोन. "वहिनी! डोळे दिसले!" मी विचारलं, कोणाचे?

पुढे ती पिल्लं मोठी झाली, तेव्हा पेणच्या एका मासेवाल्याकडे आपण गेलो. रंगीत माशांचं दुकान, भिंतभर टाक्या. तो तुला समजावून सांगत होता की निऑनची पैदास आपल्याकडे घरात होत नाही. "हे मासे विमानाने येतात, ताई." तू पिशवीतून प्लास्टिकची थैली काढून काउंटरवर ठेवलीस. आत निळ्या रेघांची गर्दी. "हे एसटीने आले," तू म्हणालीस.

तो माणूस बराच वेळ थैली उजेडात धरून बघत राहिला. मला तुझं केवढं कौतुक वाटलं, विजू. आणि मी काय बोलले? "चल, गाडी चुकेल." पस्तीस-चाळीस मुलांसमोर बोलायची सवय असलेली बाई मी, आणि तुला एकटीला शाबास म्हणायला मला शब्द सापडला नाही. आज म्हणते. आज सगळ्यांना सांगते.

आपला वाद मात्र तसाच राहिला. मी म्हणायचे, ह्यांना हळूहळू नळाच्या पाण्याची सवय लाव. जीव सगळं शिकतो. मी देशावरून ह्या घरात आले, तेव्हा इथलं पाणी मला कित्येक महिने मानवलं नव्हतं. केस गळले, पोट बिघडलं, मग मानवलं. माझी मुलं कुठल्या कुठे गेली, तिथलं पाणी प्यायली, वाढली. "आणि उद्या तू नसलीस तर? एका माणसाच्या जिवावर मासे ठेवायचे नसतात."

तू जाळी धूत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "जगतील गो. जगायला काय, जगतील. पण जगणं वेगळं आणि पोरं होणं वेगळं. त्या पाण्यात अंडं धरत नाय. हे म्हातारे झाले की संपलं."

"मग दुकानातून नवे आणायचे."

"ते विमानाचे," तू म्हणालीस. एसटीच्या माशांचा तुला केवढा अभिमान! मी पुढे बोलणार, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. पुढच्या खेपेला बोलू म्हटलं. पुढच्या खेपेला आले ती तुला न्यायच्या दिवशी.

त्या दिवसाचं थोडंच सांगते. घर भरलं होतं. पुरुषमाणसं तुला घेऊन गेली आणि आम्ही बायका मागे राहिलो. मी टाकीशेजारी बसले होते, कारण तिथे खुर्ची होती. मागच्या दाराने पाणी ओतल्याचा आवाज येत होता. मला वाटलं, घर धुताहेत. माणूस गेलं की घरातलं भरलेलं पाणी ठेवत नाहीत, ओतून टाकतात, भांडी घासून नवं भरतात. मुलांनो, ही आपल्याकडची रीत आहे, ती मला नवी नव्हती. मालूने गडबहून येताच पदर खोचला होता. हंडे, कळशा, फिल्टर, मोरीतलं पाण्याचं टीप, सगळं रिकामं झालं. मग तिचं लक्ष पडवीत गेलं. ती मन लावून काम करणारी बाई, अर्धवट तिला माहीत नाही. चार बायका लावून तिने पिंपंही आडवी केली, सगळी.

हात पुसत ती आत आली आणि टाकीसमोर थांबली. कोणीतरी विचारलं, "हे पण भरलेलंच पाणी ना गो?"

मालूने वाकून काचेत बघितलं. मग म्हणाली, "असू दे. ह्याच्यात जीव हायत."

मी उठून मागे गेले. पडवीची फरशी ओली, पिंपं उपडी, आणि तुझा आषाढ-श्रावण अंगणातून गटाराकडे निघाला होता. पुढचा पाऊस यायला अख्खा उन्हाळा बाकी. मी मालूला सांगितलं की ते माशांचं पाणी होतं. तोवर ती तुझ्यासाठी रडली नव्हती, कामात होती. आता रडायला लागली. "मग वर लिहायचं तरी गो विजू! लिहायचं तरी!" पिंपावर लिहिण्याचा वाद मी जिंकले, विजू. असा जिंकायचा नव्हता.

मालूने रडून झाल्यावर स्वस्थ बसणं शक्य नव्हतं. तिने हे रोह्याच्या बाजारात सांगितलं. दुसऱ्या दिवशी नदीपलीकडच्या अष्टमी गावाहून पूल ओलांडून सलीमभाई आले. मुलांनो, त्यांचं चष्म्याचं दुकान आहे आणि काउंटरवर निऑनची छोटी टाकी. मासे आत्याआजीकडचे. ती मासे विकत नसे, फुकट द्यायची, पण आधी स्वतःचा भरलेला पाऊस दाखवावा लागे. सलीमभाईंनी दारात चपला काढल्या, दोन कॅन आत आणले आणि म्हणाले, "माझ्याकडचं हे आणलंय, वहिनी. तिची अमानत म्हणून ठेवा."

मी आभार मानायला हवे होते. त्याऐवजी तुझा मीटर घेऊन आले, झाकण उघडलं आणि पाण्यात धरला. आकडा वर चढला. पाऊस इतका कसा चढेल?

"ताई!" मालू ओरडली. "माणूस दुखवट्याला आलाय आणि तू पाण्यात काडी घालून बसलीस?"

"ह्यात नळाचं मिसळलंय," मी म्हणाले.

सलीमभाईंनी कॅन हुंगला, विचार केला आणि कपाळाला हात लावला. पोरांनी कॅन विसळून पाणी तळाशी तसंच सोडलं असणार. ते चिडले नाहीत. उलट त्यांच्या तोंडावर हसू आलं, डोळे मात्र भरले. "तिने मला मासे द्यायच्या आधी असंच तीनदा परत पाठवलेलं, वहिनी. मला वाटलं, आता सुटलो." ते परत गेले, घरच्या पिंपातलं उरलेलं पाणी काचेच्या बरण्यांतून घेऊन आले. पुन्हा तपासलं. आकडा जवळजवळ शून्यावर. त्या मीटरकडे बघताना मला पहिल्यांदा कळलं, विजू, की तू इतकी वर्षं काय बघत होतीस. एवढं स्वच्छ काही माझ्या हातात कधी आलं नव्हतं.

पण ते थोडं होतं. मोठ्या टाकीत घातलं असतं तर दोन खेपांत संपलं असतं. मालूचं म्हणणं, "सगळ्यांना थोडं थोडं दे. पंगतीत भेदभाव नको." मी रात्री झोपायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. मोठ्या टाकीला माझं नळाचं पाणी, एका जोडीला तुझं.

टेम्पोतून टाकी पेणला आणली. मासे त्यांच्याच पाण्याच्या कॅनमध्ये. मालू तो कॅन दोन्ही गुडघ्यांत धरून पुढे ड्रायव्हरशेजारी बसली आणि प्रत्येक खड्ड्याला त्याला शिव्या घालत होती. गडब आलं तरी उतरली नाही.

मग मी माझ्या पद्धतीने कामाला लागले. रोज सकाळी पूजा झाली की थोडं जुनं पाणी काढायचं, तेवढंच नळाचं मुरलेलं बारीक धारेने घालायचं. घाई नाही, चुकवणं नाही. काही म्हातारे गेले. त्यांना तगरीखाली पुरलं. बाकीचे शिकले. आता ते पेणच्या नळाच्या पाण्यात असतात, रंग थोडा फिका, पण खातात, पळतात, एकमेकांना ढुशा देतात. माझं खरं ठरलं, लक्षात घे.

जोडी निवडली ती तू दाखवली होतीस तशी. मादीचं पोट गोल, त्यामुळे निळी रेघ वाकलेली. नर सडपातळ, रेघ सरळ. लहान टाकी, सलीमभाईंचा अर्धा पाऊस, बदामाचं पान, काळा कागद. पहिली अंडी पांढरी पडली. मी कागद सरकवून सारखी बघत होते म्हणून असेल. उरलेल्या अर्ध्यात पुन्हा मांडलं आणि ह्या वेळी त्या लहान टाकीच्या खोलीत जायचंच नाही असं स्वतःला बजावलं. मालूचा रोज सकाळी फोन. "ताई, झालं काय गो काय?" शेजारणीला वाटलं, घरात कोणी सून बाळंतपणाला आली आहे.

एका सकाळी भिंगाने बघितलं. काचेला चिकटलेले, सुईच्या टोकाहून बारीक, पारदर्शक. आणि प्रत्येकाला दोन काळे ठिपके.

विजू, डोळे दिसले.

पिल्लांना खायला मी कोबीचं पान कुजवून त्याचं पाणी थेंब थेंब घातलं, नंतर उकडलेल्या अंड्याचा बलक बोटावर चोळून. त्यांतले पुष्कळ टिकले. आता ते पोहतात आणि दुपारच्या उजेडात एकेकाच्या अंगावर निळी रेघ उमटते आहे, अजून धाग्याएवढीच. तुझंही खरं ठरलं. मोठ्या टाकीतल्यांनी माझ्या पाण्यात एकही अंडं धरलेलं नाही. जगणं वेगळं, हे मी मान्य करते. लेखी देते.

काल फोनवर मुलांना दाखवले. मी फोन काचेला लावून धरला. अद्वैत म्हणाला, काही दिसत नाही. मग एक पिल्लू अगदी कॅमेऱ्यासमोरून गेलं आणि दोघं ओरडली. मीराने विचारलं, "आजी, हे फिश मूळचे कुठले?"

त्याचं पुस्तकातलं उत्तर मला येतं. दक्षिण अमेरिकेतली मोठी नदी, तिच्या काठचं जंगल, तिथलं काळसर मऊ पाणी. मी नकाशाही दाखवला असता. शाळेत तेच केलं असतं.

मी म्हणाले, "आपल्या आत्याआजीच्या घरचे."